परिच्छेद ४.१७

समितीत सदस्य एकवीस.
नाशिकला उतरले नऊ,
त्यातल्या दोघांना संध्याकाळी ओझरला लग्न होतं.
हे माझ्या वहीत नाही.
वहीत फक्त बोललेलं येतं.
मी विधिमंडळाची प्रतिवेदक, सव्वीस वर्षं
दुसऱ्यांची वाक्यं पकडते
रेघेच्या वर, रेघेवर, रेघेखाली.

सकाळी नासर्डीच्या पुलावर गाड्या थांबल्या.
(कागदावर ती आता नंदिनी आहे.)
खाली फेस, इतका पांढरा
की एका सदस्याने फोटो काढला.
अधिकारी म्हणाले, हा नैसर्गिकही असू शकतो.
'असू शकतो'ची खूण लघुलिपीत फार छोटी असते,
माशी बसावी एवढी.

मग जिल्हाधिकारी कचेरी. गार सभागृह.
प्रत्येकापुढे सीलबंद पाणी, बशीत चार काजू.
साक्षीदार क्रमांक सहा : द्वारका गांगुर्डे,
धंदा गोधड्या धुण्याचा.
येताना सरबताच्या जुन्या बाटलीत
नदी भरून आणलेली.
शिपाई रिकाम्या बाटल्यांबरोबर तीही उचलू लागला.
"राहू दे," अध्यक्ष म्हणाले.
दिवसभरातलं तेवढंच एक आज्ञार्थी वाक्य.

द्वारकाबाईंनी पदर सावरला नाही, नमस्कार केला नाही.
पायाचा घोटा पुढे केला
आणि म्हणाल्या,
"पूर्वी पाणी वाहायचं. आता चावतं."

मुंबईत, तिसऱ्या मजल्यावर मसुदा झाला.
कक्ष अधिकारी डोंगरदिवे, सज्जन माणूस,
'चावतं'चं त्यांनी केलं
'त्वचेस अपाय होत असल्याची भावना व्यक्त केली'.
आणि मूळ शिफारस होती, सांडपाणी रोखावे.
ते झालं, रोखण्यात यावे.
मग, रोखण्याबाबत कार्यवाही करण्यात यावी.
मग, रोखण्याच्या दृष्टीने कार्यवाही करण्याबाबत
विचार करण्यात यावा.
पाणी किती लांबून वळवता येतं
ते कालव्यात नाही, मराठी क्रियापदात पाहावं.

शेवटच्या बैठकीला सात जण. चहा दोनदा.
चष्मा कपाळावर सरकवून
एक सदस्या अचानक म्हणाल्या,
"ती बाई नेमकं काय म्हणाली होती?
वही वाचा."

सव्वीस वर्षांत मला कुणी वाच म्हटलं नव्हतं.
घसा कोरडा पडला, पान सापडेना,
सापडलं तर अक्षर माझंच मला अनोळखी.
वाचलं. पाच शब्द.
कोणी हसलं. मग कोणी हसलं नाही.
एसीचा आवाज माझ्या खुणांच्या पलीकडचा,
तो मी लिहिला नाही.

"अवतरणात टाका," अध्यक्ष म्हणाले,
आणि हिरव्या शाईने 'विचार' खोडला.
त्या बदल्यात कारखान्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांना
एक 'शक्यतो' द्यावा लागला.
'सहा महिन्यांत' मिळालं, 'दंड' गेला.
भाजी घेतल्यासारखं चाललं होतं,
कोथिंबीर वर मागत.
धोरण असंच होतं. मी पाहिलंय.

हिवाळ्यात नागपूरला अहवाल पटलावर ठेवला.
पान एकशे बारा, परिच्छेद ४.१७,
दुहेरी अवतरणात एका बाईचा घोटा.
शासनाचं उत्तर : तत्त्वतः मान्य.

पुढच्या वर्षी भाचीच्या बारशाला सातपूरला गेले
तेव्हा रिक्षा मुद्दाम पुलावर थांबवली.
तीन नळांपैकी एकाच्या तोंडाला सिमेंट होतं, ताजं.
शेजारी मीटरची पेटी, कुलूपबंद.
दोन नळ वाहत होते.
फेस मला कमी वाटला,
पण माझ्या वाटण्याला नोंदीत जागा नसते.

द्वारकाबाईंनी मला ओळखलं. गोधडी पिळता पिळता म्हणाल्या,
"लिहिणारी ना तू? माझी बाटली कुठंय?
झाकण चांगलं होतं तिचं."

बाटलीची नोंद परिशिष्ट 'ड' मध्ये आहे,
नग एक.
बाटली कुठे आहे ते मला सांगता आलं नाही.
गोधडीचं दुसरं टोक माझ्या हातात देऊन
त्या म्हणाल्या, "धर. पीळ."